नळीतली बांगडी

हौसाचा उजवा हात तीन इंची नळीत मनगटाच्या वर चार बोटं सहज शिरायचा, आणि या गोष्टीचा तिला भारी तोरा होता. माणसाला तोरा कशाचाही असतो. कुणाला गळ्याचा, कुणाला कलमांच्या बागेचा, हिला हाताचा. कारखान्यातल्या पुरुषांचे पंजे नळीच्या तोंडाशीच अडायचे. ही मात्र खालचा ओठ दातात धरून, डोळे मिटून हात आत घालायची आणि वाकणाच्या पलीकडे चिकटलेला आंब्याचा रेशा बोटाच्या टोकावर उचलून आणायची. "ह्यो बगा," म्हणायची. केसाएवढा रेशा तो. पण तोच आत राहिला तर सकाळी नळीला आंबूस वास मारतो आणि दिवसभराच्या रसाची माती होते. हे तिला कुठल्या साहेबानं शिकवलं नव्हतं, तिच्या नाकानं शिकवलं होतं.

कारखाना रत्नागिरीबाहेर, हातखंब्याच्या वाटेवर, उघड्या कातळावर होता. एप्रिल ते जून तिथं हापूसचा रस निघायचा, डब्यात बंद व्हायचा आणि बोटीनं अरबांच्या देशात जायचा. रस काढायचं यंत्र, तो तापवायचं यंत्र, टाकी, डबे भरायचं यंत्र, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या स्टीलच्या नळ्या. दिवसाचा रस संपला की या नळ्या पान्यानं खोलायच्या, सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायच्या, लांब दांड्याच्या ब्रशनं घासायच्या, वाकणात हात घालायचा, धुऊन पालथ्या घालायच्या आणि सकाळी पुन्हा जोडायच्या. हे काम सहा बायकांचं. सगळे त्यांना नळीवाल्या म्हणत. हौसा त्यांची पुढारी. तसा हुद्दा तिला कुणी दिलेला नव्हता, पण काही अडलं की पाचही जणी तिच्या तोंडाकडे बघत, आणि तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

त्यातली सगुणा तिची जोडीदारीण. एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये नळी, अशी दोघींनी नऊ हंगाम काढले होते. सगुणा थोराड हाडाची, रुंद मनगटाची, बोलायला तिखट. नळीत तिचा हात जात नसे, पण गच्च बसलेला जोड ती पान्याच्या एका झटक्यात सोडवायची. हौसाचा नवरा महिपत मुंबईला छापखान्यात होता, सगुणाचा नवरा घरीच, दम्यानं खाटेला टेकलेला. कारखान्याचे तीन महिने ते सगुणाच्या घरातले वर्षाचे बारा महिने, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

आता बांगड्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. कारखान्याच्या भिंतीवर पाटी होती, काचेच्या बांगड्या घालून काम करू नये. पाटी लिहिणाऱ्याच्या हातात बांगड्या नसतात, त्याचं काय जातं लिहायला! नवरा जिवंत असताना बाईनं हात मोकळे कसे ठेवायचे? पाटी लागली त्या दिवशी सहाही जणी बाहेर काजूच्या झाडाखाली जाऊन बसल्या. मग हौसानंच तोड काढली. बांगड्या कोपराकडे जातील तेवढ्या वर सरकवायच्या आणि त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळून गाठ मारायची. मनगट मोकळं, सौभाग्य शाबूत. फोरमन काशीरामनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

काशीराम हौसाच्या माहेरच्या गावचा. तिला सख्खा भाऊ नव्हता आणि त्याला बहीण नव्हती. एका भाऊबीजेला तो सहज येऊन तिच्या पडवीत बसला, तिनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं, आणि तेव्हापासून ते नातं लागलं. दरसाल तो तबकात डझनभर हिरव्या बांगड्या घालायचा, वर सोनेरी ठिपके असलेल्या, रत्नागिरीच्या बाजारातून निवडून आणलेल्या. "माज्या भयनीचा हात हाय, असला तसला माल चालायचा नाय," असं कासाराला सांगून आणत असे म्हणे. हौसा ते चार घरी सांगत फिरायची. सख्खे भाऊ असलेल्या बायकासुद्धा तिचा हेवा करत.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात एका सकाळी नळ्या जोडताना हौसाच्या हातावरची पट्टी सैल झाली. हात वाकणात, आणि आत कडकन आवाज झाला. तिनं हळूच हात बाहेर काढला, नळी पालथी करून तुकडे ओंजळीत घेतले. शेजारची जागा सगुणाची, पण ती तेव्हा रबरी चकत्या आणायला गेली होती. हौसा तशीच फरशीवर बसली आणि तिनं तुकडे एकाला एक लावून बांगडीचं कडं जुळवून पाहिलं. नखाएवढा एक तुकडा कमी होता.

एकीकडे महिपतची काळजी, दुसरीकडे रसाची. आधी कुणाला घाबरावं तेच तिला कळेना. ती उठली ती थेट काशीरामकडे गेली.

"दादा, माजी बांगडी वाडवली नळीत. एक तुकडा गावत नाय."

बांगडी फुटली असं ती मेली तरी म्हणाली नसती. काशीरामनं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग पंप बिघडल्याचं निमित्त करून त्यानं अर्धा तास काम थांबवलं, नळ्यांतून पाणी सोडलं, स्वतः गाळणी उघडली, आणि जाळीवर बसलेला तो हिरवा तुकडा चिमटीत धरून आणला. रसाचा थेंबही पुढे गेला नव्हता. बिडीच्या बंडलाच्या कागदात त्यानं तो गुंडाळला आणि खिशात घातला.

"ह्यो इषय हितंच गाडला. कोणाजवळ बोलू नको, सगुणाजवळ पन नको. मी हाय ना?"

हौसाला रडूच आलं. सख्खा भाऊ काय वेगळं करतो, असं तिच्या मनात आलं.

उरलेले तुकडे तिनं घरी नेऊन पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवले. वाढलेली बांगडी सगळी गोळा करून वाहत्या पाण्यात सोडायची, अर्धी सोडायची नाही, असं तिच्या आईचं सांगणं. म्हणून दोन दिवसांनी तिनं तो तुकडा मागितला. "कुटं ठेवला कोन जाणे, बगतो," काशीराम म्हणाला. पुढं आठ दिवसांनी विचारलं, तरी "बगतो." पावसाळा गेला, गणपती गेले. भाऊबीजेला त्यानं नवा डझन आणला आणि मग पुन्हा विचारायला तिचंच मन धजेना. डबा फळीवर राहिला तो राहिलाच.

शहाऐंशीच्या मार्चात कारखान्यात पुण्याहून नवी यंत्रणा आली. दोन टाक्या, एक मोठा पंप आणि भिंतीवर दिव्यांचं कपाट. बरोबर परचुरे नावाचे इंजिनियर आले. साधा, मोकळा माणूस. त्यांनी सहाही जणींना बोलावून समजावून सांगितलं. आता नळ्या खोलायच्या नाहीत. बटन दाबलं की आधी साधं पाणी धावतं, मग सोड्याचं कढत पाणी, मग पुन्हा पाणी, मग थोडं ॲसिड, शेवटी स्वच्छ पाणी. सगळं आतल्या आत, जोरात, ठरल्या वेळेला, आणि यंत्र आपलं आपणच थांबतं.

"म्हंजे आमी काय करायचा?" सगुणानं विचारलं. ती हे विचारल्याशिवाय राहणार नव्हतीच.

परचुऱ्यांनी काशीरामकडे पाहिलं. काशीराम पुढं झाला. "कोनाचा काम जायचा नाय. सोलायच्या टेबलावर बायका कमीच पडतात, तितं बसवणार तुमाला. बसून काम. कंबर तरी मोडनार नाय."

सगुणाला पटलं नाही. "लेखी दे," म्हणाली.

"लेखी कशाला? देवासमोर देतो."

आणि खरंच दिलंन. हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्रापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची तिथं रीत होती, आणि गाऱ्हाणं घालायचा मान काशीरामचा. त्या वर्षी मालक शेजारी उभे होते, परचुरे होते, सगळे कामगार हात जोडून होते. काशीरामनं आवाज चढवला. "देवा रवळनाथा, आज ह्या नवा यंतर तुज्या पायाशी ठेवलाव. त्याला यश दे. ह्या माज्या सा भयनी हायत, त्यांच्या पोटावर पाय येऊ देऊ नको. कोनाच्या मनात वाकडा आला तर तो सरळ कर!" आणि सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हटलं. हौसाचा आवाज सगळ्यात मोठा होता. तिनं सगुणाच्या कोपराला कोपर लावून डोळ्यांनीच विचारलं, झाला विश्वास? सगुणानंही हात जोडले.

मग हौसानं त्या यंत्राला आपलं सगळं दिलं. दुसरा शब्द नाही. परचुरे वही घेऊन मागं आणि ही पुढं. घाण कुठं बसते? ही सांगायची. रेशा कुठं अडतो? ही बोट ठेवायची. तापमापक बसवायला नळीला फुटलेला एक छोटा फाटा होता, पुढून बंद, वीतभर लांब. बायका त्याला मुकी नळी म्हणत. "ह्याच्यात पानी जाता पन फिरत नाय सायेब," ती म्हणाली, "तुमचा पंप कितीबी जोरात मारा, हितला घान हितंच बसनार. हितं मी करंगळी घालते." परचुऱ्यांनी तिच्याकडं बघत पेन्सिल कानावर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फाटा कापून बोटभर ठेवला. दुसऱ्या एका ठिकाणी चढ होता तो उतार केला. पुण्यात मला हे कुणी शिकवलं नव्हतं, असं त्यांनी मालकांसमोर बोलून दाखवलं, आणि हौसा दिवसभर जमिनीवर चालली नाही.

बाकीच्या पाच जणींना हे फारसं रुचत नव्हतं. "आपल्याच हातानं आपला काम त्येला शिकवतंस," सगुणा एकदा म्हणाली.

"काशीदादानं गाराना घातलान ना? मग!"

"तुजा दादा," सगुणा म्हणाली. तेवढंच.

एक एक करत नळ्यांचे जोड वेल्डिंगनं बंद झाले. नऊ वर्षं जे जोड पान्यानं उघडले त्यावर आता गुळगुळीत शिवण आली. तपासणीपुरतं एकच तोंड उघडं ठेवलं होतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शेवटची परीक्षा झाली. आदल्या दिवशीचा रस नळ्यांत मुद्दाम सुकू दिला होता. बटन दाबलं. दिवे एकामागून एक लागले, विझले. पाणी कुठल्या कुठे धावलं त्याचा फक्त आवाज. तासाभरानं यंत्र आपणहून थांबलं.

परचुऱ्यांनी शेवटचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब टाकले. सोडा उरला असता तर पाणी गुलाबी झालं असतं. नाही झालं. "पण मला हौसाबाईंचं ऐकायचंय," ते म्हणाले. हौसानं बांगड्या वर सरकवल्या, पट्टी बांधली, हात आत घातला. सगळे बघत होते. तिनं वाकण चाचपलं, वरची बाजू, खालची बाजू. बोटं बाहेर काढून एकमेकांवर घासली. सोडा उरला की बोटं बुळबुळतात, ही कोरडी करकरली. मग नाकाशी धरली. कसलाही वास नव्हता, आंब्याचा नाही, सोड्याचा नाही.

खोटं बोलायची ती वेळ होती. एक रेशा राहिलाय म्हटलं असतं तर कुणी तिला खोटं पाडणार नव्हतं. पण तिच्या हाताला खोटं बोलायची सवय नव्हती.

"माज्यापेक्षा साफ हाय," ती म्हणाली.

मालकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी सहाही जणींना कचेरीत बोलावणं आलं. सोलायच्या टेबलाचं सांगणार, असं समजून हौसा सगळ्यांच्या पुढं आत गेली.

मालक टेबलामागं बसले होते, काशीराम बाजूला उभा. मालकांनी खणातून बिडीच्या बंडलाचा एक चुरगळलेला कागद काढून उघडला. आत नखाएवढा हिरवा तुकडा होता, वर सोनेरी ठिपका.

हौसाला क्षणभर वाटलं आपण आजारी आहोत. कानात गरम पाणी धावल्यासारखा आवाज येऊ लागला.

"हे गाळणीत मिळालंय," मालक म्हणाले. "पाटी लावूनसुद्धा बांगड्या घालता. एखाद्या डब्यात काच गेली असती तर कारखान्याला टाळं लागलं असतं. ज्यांनी नळ्या हाताळल्या त्यांना आता मी सोलायच्या टेबलावरसुद्धा घेऊ शकत नाही. फोरमन, कुणाच्या बाजूनं आलं हे?"

काशीरामनं घसा साफ केला. त्यानं हौसाकडे पाहिलं नाही.

"सगुनाच्या बाजूनं, सायेब."

"माज्या?" सगुणा ओरडली. "माजी बांगडी कदी वाडवली नाय! रे काशीराम, देवाला भिऊन बोल!"

हीच ती वेळ होती. एक शब्द पुरला असता. हौसाच्या जिभेवर तो आलाही होता. पण ती काशीरामकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, आत्ता दादा बोलेल. आत्ता म्हणेल की नाही साहेब, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, रसात काही गेलं नव्हतं, मीच काढला होता तुकडा. ती त्याची वाट बघत राहिली, आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. तेवढ्यात मालक म्हणाले, "हौसाबाई राहील. परचुरे साहेबांनी शिफारस केली आहे, रोज धुऊन झालं की हात घालून तपासायला एक बाई हवीच. बाकीच्यांनी उद्यापासून येऊ नये."

पाच जणींनी एकदम हौसाकडे पाहिलं. सगुणाची नजर तिच्या तोंडावरून सावकाश खाली हातांवर उतरली, हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्यांवर थांबली, आणि तिथंच राहिली. मग ती बाहेर गेली.

हौसानं काशीरामला काजूच्या झाडाखाली गाठलं.

"हरवला म्हनालास ना रे? बगतो बगतो म्हनून दोन वरसा काडलीस!"

"हळू बोल."

"कशाला ठेवलंस जपून? कोनासाठी?"

"तुज्यासाठीच," तो म्हणाला, आणि वाईट हे की त्याला ते खरंच वाटत होतं. "मालकानला सा जनी काडायच्याच होत्या. टेबलाचा नुसता बोलायपुरता होता. मला म्हनाले, कायतरी कारन दे, गावात बोंब होता नये. मी म्हनालो देतो, पन हौसाला ठेवा. तुजा घर राखला मी. उलटी मलाच बोलतंस?"

"आनि तुजा?"

त्यानं बिडी पेटवली. चार दिवसांनी कळलं, दिव्यांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे आली होती. हंगामाचा फोरमन आता बारमाही सुपरवायझर झाला होता.

नळीवाल्यांनी हौसाशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवी नाही. विहिरीवर ती गेली की दोऱ्या गुंडाळल्या जात. सगुणाच्या घरी ती दोनदा गेली. पहिल्यांदा सगुणा मागच्या दारानं निघून गेली. दुसऱ्यांदा खाटेवरून तिचा नवराच म्हणाला, "ती घरात नाय म्हनून सांगते हाय," आणि त्याला खोकल्याची उबळ आली. हौसा पायरीवरूनच परतली. ती रोज कारखान्यात जाई, यंत्र थांबलं की हात घालून बघे, रोज साफ असे. दुसरं काहीच काम नव्हतं. आयुष्यात इतका आराम तिला कधी नव्हता आणि इतकी शरमही कधी वाटली नव्हती. आपण विकलो गेलो आणि आपल्याच नावानं दुसरी पाच विकली गेली, हे तिला घास गिळताना आठवे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मालकांच्या कचेरीत गेली. "ती बांगडी माजी," ती उभ्या उभ्या म्हणाली. "सगुनाची नव्हती. मी तवा बोलले नाय."

मालकांनी चष्मा काढला. त्यांना राग आला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "काशीरामनं सांगितलं होतं. त्यानं आता काय फरक पडतो? यंत्र चालतंय ना?"

"फरक पडतो. सगुनाच्या नावावर हाय ता."

"मग तुझ्या नावावर घालू? घातलं तर तुलाही जावं लागेल."

"घाला," ती म्हणाली, आणि यंत्राशेजारी लटकवलेली आपली पट्टी घेऊन कारखान्याबाहेर पडली. मालकांनी तिच्या नावावर काही घातलं का, ते तिला कधी कळलं नाही. बहुधा नाहीच. कागद फाइलीत गेला होता, तो पुन्हा कोण काढतो!

त्या पावसाळ्यात ती दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला गेली. गणपतीला महिपत आला, त्याला तिनं सगळं सांगितलं. तो भला माणूस. "मी हाय ना धडधाकट? मग बांगडीचा काय घेऊन बसलीस?" म्हणाला. तिला दुखतंय ते बांगडीचं नव्हतं, पण ते त्याला समजावून सांगता आलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी तिनं पडवी सारवली, पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मग सगुणाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि आत न बघता मोठ्यानं म्हणाली, "सगुना, आज एकदाच ये. आयकायला ये. मग जल्मात बोलू नको." परत आली तेव्हा सगुणा येईल याची तिला खात्री नव्हती. पण थोड्या वेळानं ती आली आणि पडवीच्या खांबाला टेकून खालच्या पायरीवर बसली. आत यायला तयार नव्हती.

काशीराम दरसालसारखा आला. नवा सदरा, हातात बांगड्यांचं पुडकं. सगुणाला बघून जरा अडखळला, पण पाटावर बसला. तो येणार याबद्दल हौसाला शंका नव्हती. आपण काही वाईट केलंय असं ज्याला वाटतच नाही, तो का येणार नाही?

"नोकरी सोडलीस ता चांगला केलास नाय," बसता बसता तो म्हणाला.

हौसा आतून तबक घेऊन आली. निरांजन होतं, सुपारी होती, अक्षता होत्या. आणि मधोमध हिरव्या तुकड्यांचं एक कडं जुळवलेलं होतं, सोनेरी ठिपक्यांचं. एका जागी नखाएवढी फट होती. तिनं तबक त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"ओवाळते, दादा. पन औंदा बांगड्या नको. ह्यातला एक तुकडा कमी हाय, तेवडा माजी भाऊबीज म्हनून घाल. दोन वरसा झाली तुज्यापाशी मागून."

काशीराम त्या कड्याकडं बघत राहिला. निरांजनाची ज्योत हलत होती. "तो काय आता माज्यापाशी हाय?" तो चिडून बोलला. "सायेबांच्या फाइलीत टाचलेला हाय तो."

पायरीवर सगुणा उठून उभी राहिली. ती वर आली, तबकापाशी वाकली, आणि तिनं ती फट बराच वेळ न्याहाळली.

"म्हंजे तुला ठाव होता ही कोनाची ता," ती काशीरामला म्हणाली. "पाटावर बसून बोललास, बरा झाला."

मग ती हौसाकडे वळली. "आनि त्या दिवशी तुज्या तोंडात काय होता गो? दगड?"

हौसाला उत्तर पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. "माजा भाव बोलंल म्हनून थांबले," ती म्हणाली. "तो बोलंल म्हनून."

मग ती काशीरामला म्हणाली, "ऊट."

तो कोऱ्या कपाळानं उठला. काहीतरी बोलणार होता, पण दोघी बायका त्याच्याकडे बघत नव्हत्या. पुडकं पाटावर ठेवून तो पायऱ्या उतरून गेला.

तो गेल्यावर हौसाचा सगळा जीव हातांत आला. त्या बांगड्या, गेल्या भाऊबीजेच्या, त्याच्याच. आत्ताच्या आत्ता उतरवून फेकाव्यात असं तिला झालं. उजवा हात डाव्या मनगटापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. महिपत मुंबईत धडधाकट होता आणि कासार वाडीत यायला अजून आठवडा होता. हात मोकळे ठेवता येत नव्हते. ज्यानं गळा कापला त्याचंच लेणं घालून आठवडाभर बसायचं, आणि या विचारानं कचेरीतल्या त्या दुपारनंतर ती पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, पदर तोंडात न घालता.

सगुणा तिच्याकडं बघत उभी राहिली. डोळे पुसायला ती पुढं झाली नाही, तिचा राग काही गेला नव्हता. तिनं आपल्या हातांतली एकेक साधी बांगडी, तपकिरी रंगाची, घासून घासून चकाकी गेलेली, काढून हौसापुढं धरली.

"कासार आला की परत दे," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

हौसानं त्या दोन्ही हातांत एकेक घातल्या. मग काशीरामच्या बांगड्या एक एक करून उतरवल्या आणि पाटावर त्या पुडक्याशेजारी ठेवल्या. सगुणाच्या बांगड्या तिला फार मोठ्या होत्या. हात खाली केला की त्या थेट बोटांपर्यंत घसरत, आणि त्या पडू नयेत म्हणून ती संध्याकाळपर्यंत मुठी मिटून काम करत राहिली.